अंतराळात चहाचं आधण येईल का? गुरुत्वाकर्षण आणि उकळण्याची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसवर सुरू होतो, तारापूरच्या अणुभट्टीतून जातो, अंतराळ स्थानकात पोचतो आणि शेवटी तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये येऊन थांबतो.

प्रश्न साधा आहे. अंतराळ स्थानकात पातेल्यात पाणी ठेवलं आणि खालून तापवलं, तर ते उकळेल का?

बहुतेक जण म्हणतील, "उकळेल की! शंभर अंश झाले की पाणी उकळतं, त्यात काय?" काही जण म्हणतील, "नाही उकळणार, तिथे गुरुत्वाकर्षण नाही." दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी शास्त्रज्ञ गेली साठ-पासष्ट वर्षं उंच मनोऱ्यांवरून पेट्या खाली सोडतायत, विमानांना कोलांट्या मारायला लावतायत आणि अंतराळात हीटर पाठवतायत. कारण हा नुसता चहाचा प्रश्न नाही. चंद्रावर वीज कशी बनवायची, मंगळाच्या वाटेवर रॉकेटचं इंधन कसं टिकवायचं, या सगळ्याची किल्ली "तिथे द्रव उकळतो कसा" या प्रश्नात आहे.

आधी आपलं पातेलं बघू

चहाचं आधण ठेवलंय, अशी कल्पना करा. आधी काय दिसतं? भांड्याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात. ती वाफ नाही बरं का. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय.

मग थोड्या वेळाने "सूंऽऽ" असा आवाज यायला लागतो. आता तळाशी खऱ्या वाफेचे बुडबुडे तयार होतायत, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नाही. बुडबुडा जरा वर आला की गार पाण्यात फटकन मिटतो. हजारो बुडबुड्यांच्या मिटण्याचा तो आवाज असतो. आणि मग आवाज बदलतो, सगळं पाणी खळखळायला लागतं. आई म्हणते, "आधण आलं बघ, चहा पावडर टाक."

या सगळ्यात उष्णता कुठे जाते, ते बघा. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण २९० किलोज्यूल ऊर्जा लागते. आणि तेच एक लिटर पाणी १०० अंशांवर असताना त्याची पूर्ण वाफ करायला? साधारण २,२५७ किलोज्यूल. म्हणजे साडेसात पटींहून जास्त! शाळेत आपण याला अप्रकट उष्मा म्हणायचो. तापमान वाढत नाही, पण उष्णता मात्र पाणी गिळत असतं.

म्हणूनच इंजिनिअर लोकांना उकळणं फार आवडतं. एखाद्या गरम वस्तूतून पटकन आणि भरपूर उष्णता काढून घ्यायची असेल, तर तिच्या अंगावर द्रव उकळवणं हा एक जबरदस्त मार्ग आहे. प्रत्येक बुडबुडा म्हणजे उष्णतेचं एक पार्सल. तळाशी भरलं, वर गेलं, रिकामं झालं.

पण हे पार्सल वर नेतं कोण?

पडद्यामागचा हमाल

गुरुत्वाकर्षण! ऐकायला विचित्र वाटतं, कारण गुरुत्वाकर्षण तर खाली ओढतं. पण बघा, पाणी जड आहे आणि वाफ हलकी. नेहमीच्या दाबाला एक लिटर पाण्याची साधारण सोळाशे लिटर वाफ होते. पृथ्वी जड पाण्याला जास्त जोराने खाली ओढते, पाणी खाली शिरतं आणि बुडबुड्याला वर ढकलतं. आर्किमिडीजवाला नियम तो हाच.

मात्र बुडबुडा सहज सुटत नाही. त्याला तळाशी धरून ठेवणारी एक गोष्ट असते, पृष्ठताण. पानावरचा थेंब पटकन ओघळत नाही, तसाच बुडबुडाही तळाला चिकटून बसतो. तो मोठा होत जातो, होत जातो, आणि वर ढकलणारा जोर पृष्ठताणावर मात करतो तेव्हा सुटतो. पाण्यात हा सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरच्या मापात चालतो. तो सुटला की त्या जागी गार पाणी शिरतं, पुन्हा नवा बुडबुडा. हे चक्र सेकंदाला कितीतरी वेळा फिरतं.

आता गुरुत्वाकर्षण कमी करत जा. १९३५ साली फ्रिट्झ नावाच्या जर्मन संशोधकाने बुडबुडा किती मोठा झाल्यावर सुटतो याचं सूत्र मांडलं. त्या सूत्राप्रमाणे गुरुत्वाकर्षण चारपट कमी झालं, की सुटणारा बुडबुडा दुप्पट मोठा होतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश. तिथे बुडबुडा साधारण अडीचपट मोठा होऊन सुटेल.

आणि अंतराळ स्थानकात? तिथे जाणवणारं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकं असतं. तोच हिशोब लावला तर बुडबुडा हजारपट मोठा व्हायला हवा, म्हणजे दोन-अडीच मीटर! पातेल्यापेक्षा मोठा, तुमच्यापेक्षाही मोठा. थोडक्यात, तो सुटणारच नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं" हे खरं नाही. स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं, तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या साधारण ९० टक्के असतेच. पण स्थानक, माणसं, पातेलं, पाणी, बुडबुडा, सगळेच एकत्र पृथ्वीभोवती "पडत" असतात. लिफ्टची दोरी तुटली तर लिफ्टमधली माणसं तरंगतील, तसं. सगळेच सारखे पडतायत म्हटल्यावर जड आणि हलकं हा फरकच उरत नाही. आणि फरक नाही, तर बुडबुड्याला वर ढकलणार कोण? मुळात "वर" म्हणजे कुठे?

धोका कुठे आहे?

आता तुम्ही म्हणाल, नाही सुटला बुडबुडा, तर बिघडलं काय? बिघडतं, आणि भयंकर बिघडतं. ते समजून घ्यायला जपानमध्ये जाऊ.

१९३४ साली शिरो नुकियामा नावाच्या प्राध्यापकांनी पाण्यात बारीक धातूची तार बुडवली आणि तिच्यातून वीज सोडली. वीज वाढवत जायची आणि तारेचं तापमान मोजत जायचं, एवढाच प्रयोग. आधी तारेवर एक-दोन बुडबुडे आले, मग असंख्य. वीज कितीतरी वाढवली, तरी तारेचं तापमान जेमतेमच वाढत होतं, कारण बुडबुडे उष्णता घेऊन पळत होते. आणि मग एका मर्यादेला वीज अगदी थोडीशी वाढवल्यावर तारेचं तापमान एकदम शेकडो अंशांनी उडालं. काही धातूंच्या तारा तर वितळून तुटल्या.

झालं काय? बुडबुडे इतके झाले की ते एकमेकांना चिकटले आणि तारेभोवती वाफेचं पांघरूण तयार झालं. वाफ उष्णता नेण्यात पाण्याच्या तुलनेत फारच आळशी. तार पाण्यातच होती, पण पाणी तिला शिवतच नव्हतं.

घरातलं उदाहरण देतो. बादलीत पाणी तापवायचा रॉड असतो ना? तो पाण्याबाहेर असताना चालू केला तर जळतो. का? कारण उष्णता घ्यायला पाणीच नाही. वाफेच्या पांघरुणात अडकलेली तार म्हणजे बादलीत असूनही पाण्याबाहेर असलेला रॉड.

तव्यावर पाण्याचा शिपका मारून तवा तापलाय का ते बघतात, ते पाहिलं असेल. तवा कमी तापलेला असेल तर पाणी चर्र करून उडून जातं. खूप तापला असेल तर थेंब गोळ्यांसारखे नाचत पळतात आणि बराच वेळ टिकतात. हे तेच. थेंबाखाली वाफेची गादी असते. १७५६ साली लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात.

तर ही जी मर्यादा आहे, जिच्या पुढे पांघरूण तयार होतं, तिला आपण "कमाल उष्णता-मर्यादा" म्हणू. साध्या दाबाच्या, स्थिर पाण्यासाठी ती दर चौरस सेंटीमीटरला साधारण १०० वॅट एवढी असते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून शंभर वॅटच्या बल्बाएवढी ऊर्जा! त्यापुढे गेलात की खेळ खलास.

तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या दोन वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्या याच पाणी उकळणाऱ्या प्रकारच्या आहेत. अशा भट्टीत वातावरणाच्या साधारण ७० पट दाबाखाली, २८५ अंशांच्या आसपास पाणी उकळतं आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. तिथे इंधनाच्या कांड्यांभोवती असं पांघरूण तयार होणं परवडणारच नाही. म्हणून अशी भट्टी चालवताना या मर्यादेपासून सुरक्षित अंतर ठेवावंच लागतं. पालघर जिल्ह्यातल्या विजेच्या तारांमागे हे बुडबुड्यांचं गणित आहे.

लोकलचा दरवाजा आणि चौथं मूळ

मग ही मर्यादा गुरुत्वाकर्षणावर कशी अवलंबून आहे?

मुंबईकरांनो, दादरला संध्याकाळी सहा वाजता लोकलचा दरवाजा आठवा. आतले बाहेर पडतायत, बाहेरचे आत घुसतायत, दरवाजा एकच. उतरणारे फार झाले तर चढणाऱ्याला पाय ठेवायलाही जागा मिळत नाही. तापलेल्या तळावर हेच होतं. वाफेला वर जायचंय, पाण्याला खाली यायचंय. वाफेचा लोंढा एवढा वाढला की पाणी खाली पोचूच शकत नाही, तो क्षण म्हणजे आपली मर्यादा.

१९४८ मध्ये सोव्हिएत संशोधक कुतातेलाद्झे यांनी आणि पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस झुबर यांनी या मर्यादेचं सूत्र मांडलं. त्यात गुरुत्वाकर्षण येतं, पण चौथ्या मुळात. म्हणजे गुरुत्वाकर्षण १६ पट वाढवलं, तरी मर्यादा दुप्पटच वाढते. आणि चंद्रावर ते सहापट कमी झालं, तरी मर्यादा सहापट कमी होत नाही. ती पृथ्वीच्या साधारण ६४ टक्के राहते. मंगळावर ७८ टक्क्यांच्या आसपास.

ही बरी बातमी वाटते, नाही? पण दुसऱ्या बाजूने बघा. पृथ्वीवर ८० टक्के मर्यादेवर आरामात चालणारा बॉयलर तसाच्या तसा उचलून चंद्रावर नेला, तर तिथे तो मर्यादेच्या पलीकडे गेलेला असेल. म्हणजे जळेल. पुस्तकातलं "चौथं मूळ" हे असं प्रत्यक्षात समोर येतं.

आणि अंतराळ स्थानकात? सूत्राप्रमाणे मर्यादा तीन टक्क्यांवर येते. म्हणजे उकळून उष्णता काढणं जवळपास बंदच.

सूत्र असं सांगतं. प्रत्यक्षात काय झालं ते आता ऐका.

पडता पडता केलेले प्रयोग

पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण बंद करायचं बटण नाही. पण पडता येतं! १९५९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नासा केंद्रातल्या सीगल आणि उसिस्किन यांनी उकळत्या पाण्याचं भांडं चक्क खाली सोडलं आणि पडताना त्याचं चित्रीकरण केलं. बुडबुडे सुटायचे थांबले आणि तापलेल्या पृष्ठभागाजवळच जमायला लागले.

तेव्हापासून असे मनोरे वाढत गेले. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात ४.७ सेकंद मिळतात, क्लीव्हलंडच्या खोल विहिरीसारख्या केंद्रात ५.१८ सेकंद. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्येही मनोरा आहे, तिथे अडीच सेकंद मिळतात. अडीच सेकंद म्हणजे तुमचं एक रीलसुद्धा पूर्ण होत नाही, पण बुडबुड्यासाठी तो बराच वेळ असतो.

दुसरा मार्ग विमानाचा. विमान उंच चढवायचं आणि फेकलेल्या चेंडूसारख्या वाटेने सोडायचं. वीस-बावीस सेकंद सगळं तरंगतं. मात्र त्याच्या आधी आणि नंतर वजन जवळजवळ दुप्पट होतं. पोटाचे हाल होतात, पण डेटा मिळतो.

उलट दिशेनेही प्रयोग झाले. मिशिगन विद्यापीठात मर्ट आणि क्लार्क यांनी उकळतं पाणी गरागरा फिरवून त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या वीसेक पट जोर आणला. पुढे याच मर्ट यांचे प्रयोग १९९२ ते १९९६ या काळात स्पेस शटलमधून अंतराळात गेले.

या सगळ्यातून एक चक्रावून टाकणारी गोष्ट पुढे आली. म्युनिकचे प्राध्यापक योहानेस श्ट्राउब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं मोजमापं केली. त्यांना दिसलं, की मर्यादेच्या बऱ्याच खाली, म्हणजे जिथे नुसते बुडबुडे येत असतात तिथे, उष्णता वाहून नेण्याचा वेग गुरुत्वाकर्षण जवळजवळ काढून टाकलं तरी फारसा बदलत नाही! आणि कमाल मर्यादाही सूत्र सांगतं तेवढी खाली जात नाही.

मग हमाल गेला तरी पार्सल कसं पोचतंय?

खरा कामगार बुडबुड्याच्या पायाशी

उत्तर बुडबुड्याच्या तळाशी आहे. बुडबुडा तळाला जिथे चिकटलेला असतो, तिथे कडेला द्रवाची अतिशय पातळ पाचर असते, केसापेक्षा कितीतरी पातळ. सगळ्यात जोरदार बाष्पीभवन त्या पाचरीत होतं. आणि तिथे नवं पाणी ओढून आणतो तो पृष्ठताण. टिपकागद शाई शोषतो, दिव्याची वात तेल वर खेचते, तसं. या मापात गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही.

म्हणजे कामाची वाटणी अशी आहे. उष्णता भरून घ्यायचं काम पृष्ठताणाचं आणि भरलेलं पार्सल हलवून जागा मोकळी करायचं काम गुरुत्वाकर्षणाचं. काम कमी असताना जागा मोकळी करणाऱ्याची उणीव जाणवत नाही. काम वाढलं की मात्र सगळं तुंबतं.

२०११ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळ स्थानकावर उकळण्याची एक छोटी प्रयोगपेटी गेली. तिच्यात दोन प्रयोग होते. एक होता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक विजय धीर यांचा. धीर मूळचे भारतातले, आयआयटी कानपूरला शिकलेले. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत चकतीवर पाच सूक्ष्म खड्डे केले, म्हणजे बुडबुडे कुठे उगवणार ते आधीच ठरलेलं. द्रव पाणी नव्हता. पाण्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, साधारण ५६ अंशांना उकळणारा आणि वीज न वाहणारा एक फ्लोरिनयुक्त द्रव होता.

काय दिसलं? छोटे बुडबुडे उगवायचे, एकमेकांत मिसळायचे आणि मधोमध एक मोठा बुडबुडा तयार व्हायचा. तो सुटून जायचा नाही. तो तिथेच बसून आजूबाजूच्या छोट्या बुडबुड्यांना गिळत राहायचा. पायाशी द्रवाची वाफ होत होती आणि गार द्रवाकडच्या टोकाला वाफेचा पुन्हा द्रव होत होता. म्हणजे पार्सल घेऊन जाणारा कोणी नाही, पण बुडबुडाच एका बाजूने उष्णता घेतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. हे संथ उकळणं स्थिर राहू शकतं.

दुसरा प्रयोग मेरीलँड विद्यापीठाच्या जुंगो किम यांचा. त्यांचा हीटर म्हणजे ९६ चिमुकल्या हीटरांची जाळी. सगळी मिळून एका बाजूने फक्त ७ मिलिमीटर आणि दुसरी त्याहून छोटी, २.७ मिलिमीटरची. किम आणि त्यांचे विद्यार्थी ऋषी राज, जे पुढे आयआयटी पाटण्याला प्राध्यापक झाले, यांनी दाखवलं, की नुसतं "गुरुत्वाकर्षण किती?" हा प्रश्न अपुरा आहे. "हीटर बुडबुड्याच्या मानाने किती मोठा?" हेही विचारायला हवं. हीटर खूपच छोटा असेल, तर तो पृथ्वीवरसुद्धा अंतराळातल्यासारखा वागतो, कारण एकच बुडबुडा त्याला पूर्ण झाकून टाकतो.

मला हा निष्कर्ष फार आवडतो. कारण त्याचा अर्थ असा, की अंतराळातलं उकळणं समजून घ्यायचा थोडा भाग जमिनीवरच्या प्रयोगशाळेतही करता येतो, फक्त हीटर चिमुकला हवा.

कुकरची शिट्टी चंद्रावर

जरा मजेशीर वळण घेऊ. समजा चंद्रावर घर बांधलंय, आत पृथ्वीसारखाच हवेचा दाब आहे. वरणभात लावायचाय. कुकर घेऊन गेलात. होईल भात?

कुकरची शिट्टी म्हणजे काय, तर एक वजन. वाफेचा दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की शिट्टी होते. पृथ्वीवर ते वजन दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब धरून ठेवतं, म्हणून आत पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि डाळ पटकन शिजते. चंद्रावर तेच वजन सहापट हलकं. शिट्टी लगेच होईल, पण आतलं तापमान असेल जेमतेम १०४ अंश. शिट्ट्या धडाधड, डाळ कच्ची! मंगळावर साधारण १०९ अंश. आणि अंतराळ स्थानकात तर वजनच नाही, शिट्टी तरंगत निघून जाईल. तिथे स्प्रिंगवाला झडपेचा कुकर लागेल.

अंतराळवीर अजून तरी तिकडे आधण ठेवत नाहीत. पाकिटात गरम पाणी सोडून खातात. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजर हलवा आणि आमरस घेऊन गेले होते. तयार करून, पॅक करून.

इंधनाचा प्रश्न, आणि तो गंभीर आहे

आता मुद्द्याची गोष्ट. रॉकेटमधलं द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना उकळतं. त्याच्यासाठी सूर्याचं ऊन म्हणजे वणवाच. टाकीतून थोडीशी जरी उष्णता आत आली तरी ते उकळायला लागतं, दाब वाढतो आणि वाफ बाहेर सोडावी लागते. म्हणजे इंधन वाया. पण वाफ सोडायची कुठून? पृथ्वीवर वाफ वर असते, द्रव खाली. अंतराळात द्रव भिंतींना चिकटलेला असेल आणि वाफ मध्ये, किंवा आणखी कसंही. झडप उघडली आणि वाफेऐवजी इंधनच बाहेर पडलं तर?

चंद्रावर माणूस पाठवण्याआधी नासाला याची खरी काळजी होती, कारण अपोलोचा वरचा टप्पा पृथ्वीभोवती फिरताना पुन्हा पेटवायचा होता. म्हणून ५ जुलै १९६६ रोजी एक अख्खं रॉकेट फक्त हे बघण्यासाठी उडवलं. त्याच्या हायड्रोजनच्या टाकीत कॅमेरे होते. वाफ सतत थोडी थोडी मागच्या बाजूला सोडत राहिलं, तर त्यातून हलकासा धक्का मिळतो आणि द्रव टाकीच्या तळाशी बसून राहतो, असं दिसलं. चिमूटभर कृत्रिम गुरुत्वाकर्षणच म्हणा ना!

अपोलोला काही तास निभावायचे होते. मंगळाच्या मोहिमेत महिनोन्‌महिने निभवावे लागतील. तिथे प्रत्येक बुडबुडा म्हणजे परतीच्या प्रवासातून कमी झालेलं इंधन आहे. म्हणून हा विषय अजून जिवंत आहे.

हमाल नसेल तर काय करायचं?

उपाय तीन-चार आहेत.

पहिला, द्रव पंपाने जोरात वाहता ठेवायचा. प्रवाह बुडबुड्यांना ओढून नेतो. विमानातल्या प्रयोगांत असं दिसलं, की अशा फ्लोरिनयुक्त द्रवाचा वेग सेकंदाला साधारण दीड मीटरच्या वर गेला की गुरुत्वाकर्षण असलं काय, नसलं काय, कमाल मर्यादेत फारसा फरक पडत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचे इसाम मुदावर आणि नासा यांचा याच विषयावरचा मोठा प्रयोग २०२१ मध्ये स्थानकावर गेला.

दुसरा, विजेच्या क्षेत्राने बुडबुडा खेचायचा. युरोपने २०१९ मध्ये पाठवलेल्या 'रुबी' या प्रयोगात हे तपासलं गेलं.

तिसरा उपाय सगळ्यात सुंदर. गुरुत्वाकर्षणाचं काम पृष्ठताणालाच देऊन टाकायचं. बंद नळी, आत थोडा द्रव आणि आतल्या भिंतीला वातीसारखं जाळीदार अस्तर. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, वाफ गार टोकाकडे पळते, तिथे पुन्हा द्रव होते आणि वात तो द्रव परत खेचून आणते. पंप नाही, वीज नाही, "वर-खाली" नाही. याला हीट पाइप म्हणतात. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती अंतराळयानांसाठी विकसित केली आणि १९६७ साली ती पहिल्यांदा कक्षेत गेली. आपल्या इस्रोच्या उपग्रहांतही अशा नळ्या उष्णता पसरवायचं काम करतात.

आणि आता हातातला फोन बघा. तासभर गेम खेळलात की तो तापतो. आजच्या बऱ्याच महागड्या फोनमध्ये "व्हेपर चेंबर" असतं, जाहिरातीत वाचलं असेल. ती चपटी केलेली हीट पाइपच आहे. आत अगदी थोडं पाणी आणि हवा काढून टाकलेली, त्यामुळे ते चाळीस-पन्नास अंशांनाही वाफ होऊ शकतं. प्रोसेसरची उष्णता घेतं, वाफ होतं, पसरतं, पुन्हा पाणी होतं. फोन उभा धरा, आडवा धरा, झोपून तोंडावर उलटा धरा, चालतच राहतं, कारण पाणी परत आणायचं काम पृथ्वी नाही, वात करते.

आणि याच्या अगदी उलट विचारही आहे. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रगत जड पाण्याच्या अणुभट्टीचा जो आराखडा केला, त्यात गाभ्यातलं पाणी पंपाशिवाय फिरतं, फक्त गरम हलकं आणि गार जड या फरकावर. शिवाय संकटात कामी यावं म्हणून वरच्या बाजूला पाण्याचा मोठा साठा आहे, तो गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली येतो. पंप बंद पडेल, वीज जाईल, पण पृथ्वीची ओढ कधी लोडशेडिंग करत नाही! पृथ्वीवर आहोत तर तिचा फायदा घ्यायलाच हवा.

तर उत्तर काय?

अंतराळात आधण येईल का? येईल. पण खळखळणार नाही. तळापाशी एक मोठा बुडबुडा बसेल, छोट्यांना गिळेल आणि हळूहळू काम करत राहील. घाई केलीत, आच वाढवलीत, तर तो सगळा तळ झाकून टाकेल आणि पातेलं करपेल.

उद्या चहा करताना दोन मिनिटं फोन बाजूला ठेवा. काचेचं, गॅसवर चालणारं भांडं असेल तर उत्तमच. तळाचा एकच बुडबुडा निवडा. तो कुठे उगवतो, किती मोठा होतो, कधी सुटतो ते बघा. बहुतेक वेळा तो पुन्हा पुन्हा त्याच जागी उगवतो, कारण तिथे एक सूक्ष्म ओरखडा असतो. विजय धीरांनी मुद्दाम कोरलेले खड्डे तुमच्या पातेल्यात फुकट आहेत. फक्त वाफेपासून चेहरा लांब ठेवा, शंभर अंशांची वाफ फार वाईट भाजते.

काही प्रश्न सुचले तर नक्की पाठवा. विशेषतः हा: चंद्रावर काचेच्या ग्लासात सोडा ओतला तर फेस कसा येईल? आज जे ऐकलंत त्यावरून उत्तर काढता येतं. उत्तरं पाठवा, पुढच्या भागात बोलू.

तोपर्यंत, आधण सांभाळा. भेटूच!